खालची कवळी सारखी उचलते? नवी करण्याआधी जुन्या घेऊन या

तक्रार नेहमीची आहे. वरची कवळी नीट बसते, खालची बसत नाही. बोलताना उचलते, भाकरी चावताना पुढे सरकते, जिभेखाली जखम करते. डॉक्टर थोडी घासून देतात, आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं की अमुक गावचा डॉक्टर कवळी चांगली बसवतो, आणि नवा सेट होतो. वर्षभरात तोही डब्यात जातो. गेली २२ वर्षं मी कवळ्या करते आहे. या फेऱ्यात अडकलेले पेशंट मला दर आठवड्याला भेटतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात आणणाऱ्या मुला-सुनांसाठीही.

मागच्या उन्हाळ्यात ७१ वर्षांच्या एक आजी आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. डब्यात तीन जोड्या आणि तोंडात चौथी. चारही खालच्या कवळ्या मी धुऊन ट्रेवर ओळीने मांडल्या. चारींचा आकार एकच: अरुंद, घोड्याच्या नालेसारखा, मागची टोकं आखूड आणि दाढा जिभेच्या बाजूला कललेल्या. पहिल्या कवळीतला दोष दुसरीत, दुसरीतला तिसरीत, असा जसाच्या तसा उतरत आला होता. आणि तिसरी माझ्या हातची होती. चार वर्षांपूर्वी ती करताना मी आधीच्या दोन मागवून बघितल्याच नव्हत्या. सरळ माप घ्यायला बसले होते.

म्हणून आता पहिल्या भेटीत मी माप घेतच नाही. आधी जुन्या कवळ्या बघते, त्या तोंडात घालून बघते, आणि एक प्रश्न विचारते.

"नेमकी कधी उचलते?"

"सैल आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. ताप आहे म्हणण्यासारखंच ते. कधी सुटते, काय करताना सुटते, हे कळलं की निम्मं निदान होतं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "कधी म्हंजे? कायम सुटते की."

"आज सकाळी चहा पिताना सुटली का?"

थोडा विचार केला त्यांनी. "न्हाई. च्या पिताना व्हती जाग्यावर. शेजारीण आली, तिच्यासंगं बोलाया लागले तशी उचलली."

"आणि भाकरी खाताना?"

"तवा उचलत न्हाई, म्होरं सरकती."

बोलताना उचलते आणि चावताना पुढे सरकते, ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींचं कारण वेगळं, इलाजही वेगळा. घरी दोन दिवस नीट लक्ष ठेवून हे टिपून आणलंत तर डॉक्टरांचं काम फार सोपं होतं.

जांभई दिली किंवा मोठा घास घ्यायला तोंड उघडलं की कवळी वर येत असेल, तर बहुतेक वेळा कवळीची कड गालाच्या किंवा ओठाच्या बाजूला जास्त लांब असते. स्नायू ताणला की तो कडेला ढकलतो. अशा ठिकाणी गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत लाल रेघ किंवा जखम दिसते. तेवढीच जागा खूण करून घासायची असते. अंदाजाने सगळीकडून घासत सुटलं की कवळी आखूड होते, आणि आखूड कवळी लांब कवळीपेक्षा जास्त त्रास देते. लांब कड कमी करता येते. आखूड झालेली वाढवायची तर पुन्हा मापापासून सुरुवात.

बोलताना किंवा जीभ ओठावरून फिरवताना उचलत असेल, तर बघायचं जिभेच्या बाजूला. एक तर आतली कड खोल गेलेली असते, नाहीतर दाढा इतक्या आत लावलेल्या असतात की जिभेला जागाच उरत नाही. खालचे दात जाऊन बरीच वर्षं झाली की जीभ पसरते. तिला कोंडलं की ती कवळी उचलून बाजूला करणारच. जीभ आतून आणि गाल बाहेरून ढकलतात. या दोघांचा जोर जिथे सारखा पडतो, त्या पट्ट्यात दात बसवायला हवेत. लॅबमधल्या साच्यावर हा पट्टा दिसत नाही, तो पेशंटच्या तोंडातच शोधावा लागतो.

चावताना सरकणं हे माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा चुकीचं वाचलं जाणारं लक्षण आहे. पेशंट म्हणतो कवळी सैल आहे, डॉक्टरही सैल समजून आतून अस्तर भरतात, आणि दोष असतो चाव्यात. तोंड मिटताना एका बाजूची दाढ आधी टेकते, मग कवळी घसरत घसरत बाकीचे दात जुळवून घेते. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं आणि हिरडी सोलवटते. इथे निळा कागद चावायला देऊन भागत नाही. कवळी स्वतःच हलते, त्यामुळे खुणा फसव्या पडतात. खात्रीची पद्धत म्हणजे मेणात नवा चावा घ्यायचा, दोन्ही कवळ्या आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याची हालचाल करून दाखवणाऱ्या यंत्रावर चढवायच्या आणि तिथे दात घासून जुळवायचे. अर्धा-पाऊण तास जातो, पण नवी कवळी वाचू शकते. दुसरं कारण शेवटची दाढ. खालचा जबडा मागे कानाकडे चढत जातो. त्या चढावर दाढ बसवली तर प्रत्येक घासाला कवळी उतारावरून पुढे घसरते. अशा तोंडात शेवटची दाढ लावूच नये. "एक दाढ कमी का?" असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

सकाळी नीट आणि दुपारनंतर सैल, असं असेल तर लाळेकडे बघायचं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. दोन-तीन वर्षं छान चालून मग हळूहळू सैल झाली असेल, तर कवळी तीच आहे, खालचं हाड बदललं आहे. आणि पहिल्या दिवसापासून कधीच बसली नसेल, तर मापात किंवा चाव्यात चूक आहे. ती घासून सुधारत नाही.

खालचीच का?

वरच्या कवळीला टेकायला साधारण २४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालचीला १४. शिवाय वर टाळू आहे. दोन ओल्या काचा जशा एकमेकींना चिकटतात, तशी वरची कवळी लाळेच्या पातळ थराने टाळूला धरून राहते. खाली मध्ये जीभ, बाजूला गाल, पुढे ओठ, आणि गिळताना वर येणारा तोंडाचा तळ. सगळंच हलतं. त्यात दात काढल्यावर हाड झिजतं ते खाली जास्त. दंतवैद्यकातल्या संशोधक टालग्रेन यांचा कवळी वापरणाऱ्यांवरचा २५ वर्षांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. पहिल्या वर्षी झीज सर्वात वेगाने होते, पुढे वेग कमी होतो पण ती थांबत नाही. त्यामुळे खालची कवळी वरचीइतकी घट्ट बसेल असं वचन मी कुणालाच देत नाही. पहिल्याच भेटीत हे सांगितलेलं बरं.

तोंडात बघण्याआधी औषधांची पिशवी बघा

गोळ्यांची नावं सांगता येत नसतील तर पाकिटंच आणा. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, सर्दीची किंवा ॲलर्जीची गोळी, नसांच्या दुखण्यासाठी रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलीन, यांनी तोंड कोरडं पडतं. ताब्यात नसलेला मधुमेहही तेच करतो. लाळ नाही तर कवळीला धरायला काही नाही, आणि कोरड्या हिरडीवर ती घासते. आजींच्या पाकिटांत यातल्या दोन गोळ्या निघाल्या. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. मी त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी दिली, त्यांनी एक बदलली. कवळीवर शून्य रुपये खर्च करून झालेली ती पहिली सुधारणा.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनेटचं इंजेक्शन चालू असेल, पूर्वी झालं असेल, तर तेही सांगा. या औषधांवर असलेल्या माणसाच्या जबड्यात उरलेलं मूळ काढणं किंवा कवळीने झालेली जखम दुर्लक्षित ठेवणं धोक्याचं असतं, कधीकधी हाड उघडं पडून भरतच नाही.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, मी प्रत्येकाचा काढून घेते. वीस वर्षांपूर्वी तुटून राहिलेली मुळं हिरडीखाली निवांत पडलेली सापडतात. त्याच फोटोत ओठाच्या नसेची जागाही दिसते. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हाडात एक छिद्र असतं, तिथून ती नस बाहेर येते. हाड झिजत गेलं की ते छिद्र हिरडीच्या माथ्याजवळ येतं, आणि कवळी दाबली की ओठात करंट मारल्यासारखं होतं. पेशंट अगदी हेच शब्द वापरतात. अशा ठिकाणी आतून कवळी पोकळ करून दिली की दुखणं थांबतं. मात्र दाब नसतानाही ओठ बधिर राहत असेल तर ती कवळीची तक्रार नाही, तपास दुसऱ्या दिशेने करावा लागतो.

जखम आणि मिश्री

इथे मी थोडी थांबते. आपल्याकडे खेड्यापाड्यांत दात गेले तरी मिश्री सुटत नाही. बायका बोळक्या हिरड्यांवर मिश्री लावतात आणि वर कवळी घालतात. पुरुषांत तंबाखूची गोळी खालच्या ओठात, नेमकी कवळीच्या कडेला. तिथे पांढरा चट्टा किंवा जखम दिसली की सगळे, डॉक्टरसुद्धा, "कवळी लागली असेल" म्हणून मोकळे होतात.

नियम सरळ आहे. कवळी जिथे लागते तिथे घासून घ्या, किंवा काढून ठेवा. दोन आठवड्यांत जखम भरली पाहिजे. भरली नाही, कडा जाड आणि कडक लागल्या, तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. त्यात चालढकल नको. माझ्याकडे एक काका आले होते, त्यांची तीच जागा आठ महिन्यांत पाच वेळा घासून झाली होती. तपासणीत कॅन्सर निघाला. लवकर सापडला असता तर ऑपरेशन कितीतरी लहान झालं असतं. कवळीचा विषय निघाला की मला ते काका आठवतात.

सुपारी किंवा गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही आधीच मोजावं लागतं. मापाचा ट्रेच आत गेला नाही, तर पुढचं सगळं नियोजन बदलतं.

टाळू लालभडक दिसत असेल तर बहुतेक बुरशी आहे. रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांत ती जास्त दिसते. आधी ती बरी करायची. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, साध्या पाण्यात, गरम नव्हे. गरम पाण्याने ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, वाकतं. जपानमधल्या ८५ वर्षांवरच्या लोकांच्या एका अभ्यासात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. घरातली मंडळी "आईला चांगलं दिसत नाही म्हणून काढत नाही" असं सांगतात, तेव्हा मी हे आवर्जून सांगते.

माप घेण्याआधीचे दिवस

हिरडी मऊ असते. सैल कवळीने ती दबते, सुजते, वाकडी होते. पेशंट दारात कवळी काढून हातात धरतो आणि आपण लगेच माप घेतो, तेव्हा आपण सुजलेल्या हिरडीचं माप घेत असतो. दोन दिवसांनी सूज उतरते आणि नवी कवळी पहिल्याच आठवड्यात सैल. चार वर्षांपूर्वी आजींच्या बाबतीत माझं हेच झालं. अंतिम मापाआधी किमान २४ तास कवळी तोंडाबाहेर हवी. हिरडी जास्त बिघडलेली असेल तर जुन्या कवळीत मऊ अस्तर घालून, ते दर काही दिवसांनी बदलत, दोन-तीन आठवडे थांबायचं. पेशंटला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. तोच वेळ पुढे फेऱ्या वाचवतो.

दुसरं मोजमाप चेहऱ्याच्या उंचीचं. नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर पेनाने ठिपका द्यायचा. आरामात ओठ मिटून बसल्यावर एकदा अंतर मोजायचं, दात मिटून एकदा. फरक २ ते ४ मिलिमीटर असायला हवा. आजींचा ९ निघाला. चारही जोड्यांचे दात झिजत आणि हाड खाली जात जात त्यांचा चेहरा आखडला होता. ओठांचे कोपरे ओले राहून चिरले होते, आणि दात टेकवायला त्या जबडा पुढे काढत होत्या. उलटही होतं. उंची जास्त ठेवली तर बोलताना दात खटखट वाजतात आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखून येतो. पेशंट सांगतो, "तोंडात फार भरल्यासारखं वाटतं."

स्वभावाचंही एक टिपण ठेवावं. अमेरिकेतल्या डॉ. हाउस यांनी कवळीच्या पेशंटचे चार स्वभाव सांगितले होते आणि कॉलेजात ते पाठ करून घेतात. मला त्या खान्यांचा फार उपयोग झाला नाही. "या कवळीने तुम्हाला काय खायचं आहे?" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. कुणाला पेरू खायचा असतो, कुणाला फक्त नातीच्या लग्नात फोटो नीट यायला हवा असतो. शेंगदाणे फोडायचे आहेत म्हणणाऱ्याला तिथेच सांगावं लागतं की कवळीचा जोर स्वतःच्या दातांच्या पाव भागाइतकाही नसतो.

मग करायचं काय?

चावा आणि उंची बरोबर, दात फार झिजलेले नाहीत, फक्त हाड खाली गेलं आहे, तर नवी कवळी नको. आतून नवं अस्तर भरून घ्या. चाव्याचा दोष असेल तर आर्टिक्युलेटरवर चढवून जुळवा. दाढा चुकीच्या जागी, उंची गेलेली, टोकं आखूड, असं सगळं एकत्र असेल तरच नवी.

हाड अगदी सपाट झालं असेल तर खाली पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतणारे धातूचे स्क्रू, बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं मत दिलं. मलाही ते पटतं. पण खर्च सगळ्यांना झेपत नाही, आणि न झेपणाऱ्याला अपराधी वाटू देऊ नये. साधी कवळी नीट तपासून केली तर बहुतेकांचं जेवण चालतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कवळ्या कमी खर्चात होतात. फेऱ्या जास्त पडतात, पण तिथे एकेक पायरी शिक्षक तपासतात.

घरी कानशीने घासणं, फेविक्विकने तुटलेली कवळी जोडणं, खाली कापूस घालणं, हे कृपा करून करू नका. चिकटवायची पावडर किंवा क्रीम थोडीशी, काही दिवस, चालेल. दिवसातून चार वेळा लागत असेल तर कवळी तपासायची वेळ झाली आहे.

आजींच्या चौथ्या जोडीची उंची मी आधी दाढांवर ॲक्रिलिक चढवून दोन टप्प्यांत वाढवली, आत मऊ अस्तर घातलं, तीन आठवडे तेच वापरायला दिलं. जबडा आपोआप मागे आपल्या जागी यायला लागला. मग माप घेतलं. या वेळी मागची टोकं दाढेमागच्या मऊ उंचवट्यावर पूर्ण नेली आणि बाजूला गालाकडचं रुंद हाड झाकलं. खालच्या कवळीचा खरा भार तिथेच पेलला जातो, आणि चारही जोड्यांत नेमका तोच भाग मोकळा राहिला होता. दाढा जिभेपासून बाहेर घेतल्या, शेवटची लावली नाही.

पहिले दोन आठवडे आजी नाराज होत्या. तोंड भरल्यासारखं वाटतं, "स" नीट येत नाही, लाळ फार सुटते. हे सगळं नव्या कवळीत होतं. चावण्याची सवय बसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, आणि घास दोन्ही बाजूंना वाटून चावायचा. सातव्या आठवड्यात त्यांनी पालेभाजीशी भाकरी खाल्ली. शेंगदाणे अजूनही कूट करूनच खातात.

शेवटी एक गोंधळ मिटवते, कारण फोनवर हा प्रश्न रोज येतो. माप द्यायला येणार असाल तर आदल्या दिवसापासून कवळी काढून ठेवा. दुखतंय म्हणून दाखवायला येणार असाल तर उलट, आदल्या दिवशी काही तास तरी ती घाला. आठवडाभर काढून ठेवून आलात तर जखम भरलेली असते, लाल खूण पुसलेली असते, आणि कुठे घासायचं ते मला दिसत नाही. आणि दोन्ही वेळा जुन्या कवळ्यांचा डबा बरोबर आणा.